सोनं राखून पोलाद रंगवताना

न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये 1853 च्या सुमारास घडवलेलं एक कोल्ट रिव्हॉल्व्हर आहे. घोडेस्वारांसाठी बनवलेल्या ‘ड्रॅगून’ जातीचं, जवळजवळ दोन किलो वजनाचं हे धूड. पण त्याच्या अंगावर बारीक वेलबुट्टी कोरलेली आहे आणि त्या नक्षीत सोन्यानं जडवलेला जॉर्ज वॉशिंग्टनचा अर्धपुतळा आहे, अमेरिकेचं राष्ट्रचिन्ह आहे. हे काम प्रशियातून अमेरिकेत आलेल्या गुस्ताव यंग या कोरक्याचं मानलं जातं. सॅम्युएल कोल्टनं हे रिव्हॉल्व्हर तुर्कस्तानचा सुलतान अब्दुल मजीद पहिला याच्यासाठी करवून घेतलं. त्याचंच जोडीदार रशियाचा झार निकोलस पहिला याला दिलं. ते आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. नेमक्या त्याच सुमारास ही दोन साम्राज्यं क्रिमियाच्या युद्धात एकमेकांसमोर उभी ठाकत होती, आणि कोल्टला दोघांनाही माल विकायचा होता.

राजेरजवाड्यांना भेट गेलेल्या अशा वस्तू मखमलीच्या पेटीत राहिल्या आणि म्हणून टिकल्या. बाकीच्या नक्षीदार पिस्तुलांचं नशीब तसं नव्हतं. ती कमरेला लागली, चामड्याच्या म्यानात घासली गेली, घामट हातांनी हाताळली गेली, वारसांच्या कपाटात ओलसर कापडात गुंडाळून पडली. पोलादावरचा निळा-काळा रंग उडाला, तिथे तांबूस गंज धरला, आणि सोनं तेवढं पहिल्यासारखं पिवळंजर्द राहिलं. मग एखाद्या नातवाच्या मनात येतं, आजोबांच्या पिस्तुलाला पुन्हा रंग चढवून घ्यावा. साध्या पिस्तुलाचं हे काम कुठलाही जाणता बंदूक-कारागीर करून देतो. सोनं-चांदी जडवलेल्या पिस्तुलाचं मात्र प्रकरणच वेगळं आहे. तिथे एका धातूला जे औषध, ते दुसऱ्याला विष ठरू शकतं.

त्यासाठी आधी सोनं पोलादात बसतं कसं, ते पाहायला हवं. या जडावकामात डिंक नसतो, डागही दिलेला नसतो. कारागीर बारीक छिन्नीनं पोलादात चर खणतो. चराच्या दोन्ही भिंती तो तळाशी आतल्या बाजूनं किंचित पोखरतो, म्हणजे चर वर अरुंद आणि खाली रुंद होतो. मग तळावर छिन्नीची टोकं मारून बारीक काटे उठवतो. तापवून मऊ केलेली 24 कॅरटची तार त्या चरात ठेवून ठोकली की सोनं पसरतं, पोखरलेल्या कडांखाली शिरतं आणि काट्यांत अडकतं. वर उरलेलं सोनं घासून सपाट केलं की रेषा तयार. ही तार बऱ्याचदा अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. उठावाचं काम असेल, म्हणजे सोन्याचा हरिण किंवा गरुड पृष्ठभागाच्या वर उभा असेल, तर जाडसर पत्रा असाच कडांत बसवून वरून त्याचं अंग कोरतात. शुद्ध सोनंच वापरायचं, कारण ते ठोकताना फाटत नाही आणि काळवंडतही नाही.

दुसरी रीत याहून नाजूक. भारतात तिला कोफ्तगिरी म्हणतात. खोल जडावाला तहनिशान आणि या वरवरच्या कामाला कोफ्तगिरी, असा फरक आपल्याकडच्या तलवारी-खंजिरांच्या कारागिरांनी फार पूर्वीपासून केलेला आहे. कोफ्तगिरीत चर नसतोच. पोलादावर चाकूनं आडव्या-उभ्या अगदी दाट रेघा मारून पृष्ठभाग खरबरीत करतात आणि त्यावर सोन्याची केसासारखी तार किंवा वर्ख दाबून घोटतात. स्पेनमधल्या एइबार गावच्या झुलोआगा घराण्यानं एकोणिसाव्या शतकात ही कला अशी काही वर नेली, की प्लासिदो झुलोआगाच्या फुलदाण्या आणि पेट्या आज संग्रहालयांत मानानं ठेवलेल्या आहेत. बंदुकांवरही हे काम झालं. खोल जडाव आणि कोफ्तगिरी वरून अनेकदा सारखीच दिसतात. पण पहिल्यात सोन्याची जाडी घासकामाला थोडीफार पुरते, दुसऱ्यात घासणाऱ्या कागदाचे चार हात पुरे झाले की नक्षी गायब. म्हणून चांगला कारागीर पिस्तूल हातात आलं की आधी भिंग उचलतो. सोन्याच्या कडेला बारीक जाळीसारख्या रेघा दिसल्या तर ती कोफ्तगिरी, आणि मग घासकामाचा विषयच संपला.

बहुतेक मालकांना भीती वाटते ती आम्लाची आणि भट्टीची. सोनं जळेल, विरघळेल, काळं पडेल, असं वाटतं. प्रत्यक्षात सोन्याचा सर्वात मोठा शत्रू कारखान्यातलं बफिंगचं चाक आहे. त्याचं कारण हा रंग चढवण्याच्या, म्हणजे ब्लुइंगच्या, प्रक्रियेतच आहे. पोलादावरचा निळा-काळा रंग हा रंगलेप नव्हे. तो लोखंडाच्याच एका ऑक्साइडचा, मॅग्नेटाइटचा थर असतो आणि त्याची जाडी मायक्रॉन-दोन मायक्रॉनच्या घरात. इतक्या पातळ थराखाली ओरखडा लपत नाही, गंजाचा खड्डा भरत नाही. खालचं पोलाद जसं असेल तसंच वर दिसतं. म्हणून नव्यासारखी झळाळी हवी असेल तर आधी पोलाद नव्यासारखं घासावं लागतं, आणि सगळा घात तिथेच होतो.

कठीणपणाच्या मोह मापावर सोनं 2.5 ते 3 वर येतं. मऊ पोलादही 4 च्या पुढे असतं. दोन्ही एकाच फिरत्या चाकाखाली धरले तर सोनं अर्थातच आधी झिजणार. देवळाच्या दगडी पायऱ्या मधोमध खोलगट होतात, तशी सोन्याची रेषा पोलादाच्या पातळीखाली जाते. तिच्या धारदार कडा गोलावतात, आणि उजेडात तिरपं धरलं की पूर्वी सपाट चमकणारी रेषा पन्हाळीसारखी दिसते. उठावाच्या आकृतीचं तर आधी नाकच जातं. हरणाच्या डोळ्याची पापणी, गरुडाच्या पिसांवरच्या रेघा, चेहऱ्याची भुवई हे सगळं सर्वात उंच आणि सर्वात मऊ. घासणारा कागद पहिला तिथेच टेकतो. कोरलेल्या वेलबुट्टीच्या बारीक रेघाही उथळ होऊन पुसट होतात. आम्लानं खराब झालेला पोलादाचा पृष्ठभाग पुन्हा घासता येतो, उडालेला निळा रंग पुन्हा चढवता येतो. चाकावर उडालेलं सोनं मात्र धुळीबरोबर गेलेलं असतं.

म्हणून नक्षीदार भागावर जाणता कारागीर चाक लावतच नाही. तो पिस्तूल पूर्ण सुटं करतो. मुठीचं हस्तिदंत किंवा अक्रोडाचं लाकूड बाजूला ठेवतो, स्प्रिंगा वेगळ्या करतो. जुनं तेल आणि मळ अॅसिटोननं आणि मऊ केसांच्या ब्रशनं काढतो, कोपऱ्यातला कठीण मळ बांबूच्या टोकदार काडीनं. सपाट, बिननक्षीच्या भागावरच घासकाम होतं आणि तेही हातानं. सागासारख्या कठीण लाकडाच्या चौकोनी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळायचा, 320 पासून सुरू करून 400, मग 600, आणि एकाच दिशेनं सरळ हात चालवायचा. ठोकळ्यामुळे कागद सोन्याच्या रेषेत दबत नाही, सोनं आणि पोलाद एका पातळीत राहतात. नक्षी जिथे सुरू होते तिथे ठोकळा थांबतो. नक्षीतले गंजाचे खड्डे तसेच राहू द्यायचे की कोरक्याकडून ती नक्षी पुन्हा कोरून घ्यायची, हा निर्णय आधीच व्हायला हवा.

पुन्हा कोरण्याच्या कामात जुन्या कोरक्यांच्या एका सवयीचा फार उपयोग होतो. जर्मनीत जन्मलेला आणि न्यू यॉर्कमध्ये दुकान थाटलेला एल. डी. निमश्के आपल्या कामाचे शाईचे ठसे कागदावर घेऊन ठेवत असे. कोरलेल्या चरांत शाई भरायची, वरची पुसायची आणि कागद दाबायचा. त्याची ही ठशांची वही 1965 साली पुस्तकरूपानं छापली गेली, आणि त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी बंदूकनक्षीचा एक अस्सल दाखला हाती आला. आजही काम हाती घेण्यापूर्वी नक्षीचा असा ठसा आणि जवळून काढलेली छायाचित्रं ठेवावीत. पुसट रेघ नेमकी कुठून कुठे जात होती, हे नंतर नुसत्या आठवणीवर ठरवता येत नाही.

आता आम्लांकडे वळू. जुना निळा थर आणि गंज काढायला सौम्य फॉस्फोरिक आम्ल वापरतात, आणि त्यापासून सोन्याला काहीही होत नाही. नत्राम्लही सोन्याला हात लावत नाही. सराफ बाजारात त्यालाच तेजाब म्हणतात, आणि सोन्यातली चांदी वेगळी करायला ते पिढ्यानपिढ्या वापरलं जातं. पण त्यातच पुढचा धोका आहे. जे तेजाब सोनं सोडून देतं, ते चांदी खाऊन टाकतं. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक पिस्तुलांवर निकेलचा मुलामा असे, आणि निकेल उतरवायला काही कारागीर नत्राम्लाकडे वळतात. पिस्तुलावर चांदीची तार जडवलेली असेल तर निकेलबरोबर तीही जाईल. नत्राम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल एकत्र आलं की आम्लराज होतं, आणि ते तर सोनंही विरघळवतं. पोलादावर गंज धरवण्याच्या जुन्या द्रावणांत ही दोन्ही आम्लं एकत्र असतात. पण त्यांत आधी लोखंड विरघळवलेलं असतं, पुष्कळ पाणी घातलेलं असतं, त्यामुळे त्यांचा जोर आधीच खर्च झालेला असतो. ताजं, कडक मिश्रण सोन्याजवळ न्यायचं नाही, हा नियम इथून आला.

रंग चढवण्याच्या मुख्य रीती चार-पाच, आणि त्यांचा खरा फरक तापमानात आहे.

आजचे कारखाने बहुधा गरम क्षारांची रीत वापरतात. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं दाट द्रावण 140 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळत ठेवायचं आणि पोलाद त्यात साधारण अर्धा तास बुडवायचं. शुद्ध सोनं या कढईतून जसंच्या तसं बाहेर येतं. वर चढलेली पुसट काळपट झाक कापडानं निघते. 14 कॅरटचं सोनं असेल तर त्यात सोनं 58 टक्क्यांच्या आसपासच असतं, उरलेलं तांबं-चांदी. ते काळवंडू शकतं. अॅल्युमिनियम, जस्त आणि कथिल-शिशाचा डाग यांना मात्र कॉस्टिक सोडा अक्षरशः खातो. कुणी जुन्या दुरुस्तीत सुटलेलं सोनं कथिलाच्या डागानं चिकटवलं असेल, तर ते या कढईत निसटून पडेल. सोन्यावर लाखेचा लेप देऊन ते झाकावं ही कल्पनाही इथे चालत नाही, कारण लाख अल्कलीत विरघळते. आणखी एक कटकट नंतर उद्भवते. सोन्याच्या कडेला केसाएवढी फट असेल तर क्षार आत शिरतो आणि काही आठवड्यांनी पांढऱ्या कणांच्या रूपात बाहेर पाझरतो. त्याच्याभोवती पुन्हा गंज. म्हणून उकळत्या स्वच्छ पाण्याचे धुवे कितीही घेतले तरी ते जास्त होत नाहीत.

जुन्या नक्षीदार शस्त्रांसाठी सर्वात भरवशाची रीत म्हणजे गंजाची. ऐकायला उलटी वाटते, पण ती खरोखर सुंदर आहे. सौम्य आम्लाचं द्रावण अगदी पातळ लावून पोलाद दमट कपाटात काही तास ठेवायचं. त्यावर तांबूस गंजाची मखमल चढते. मग ते डिस्टिल्ड पाण्यात उकळायचं. उकळताना तो तांबडा गंज काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो. मग तेल काढलेल्या बारीक पोलादी लोकरीनं किंवा मऊ तारेच्या ब्रशनं वरची सैल पूड झाडायची. असे सहा-आठ फेरे झाले की रेशमासारखा खोल निळा-काळा रंग येतो. यात तापमान 100 अंशांच्या वर कधी जात नाही. लंडनच्या जुन्या बंदूककारांनी दुनळी बंदुकांसाठी ही रीत जपली ती याच कारणानं, कारण त्या नळ्या मऊ डागानं जोडलेल्या असतात. सोन्यालाही ती मानवते. एकच जपायचं: सोनं आणि पोलाद ओलाव्यात शेजारी आले की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते, आणि तिची झळ नेहमी पोलादाला बसते. सोन्याच्या कडेला गंज इतर ठिकाणांपेक्षा भराभर चढतो. द्रावण कडक असेल तर ती कड खड्ड्यांनी कुरतडली जाते आणि सोन्याची पकडच सैल होते. म्हणून इथे लाखेचा लेप कामी येतो, द्रावण कमी ताकदीचं ठेवतात आणि फेरे वाढवतात. चांदी असेल तर क्लोराइडमुळे तिच्यावर राखाडी पापुद्रा धरतो आणि उजेडात तो काळा पडतो. तो नंतर हातानं, लाकडाच्या टोकानं साफ करावा लागतो.

वितळलेल्या सोऱ्यात 300 अंशांच्या आसपास स्क्रू आणि पिनांसारख्या बारक्या भागांना मोरपिशी निळा रंग येतो. एकोणिसाव्या शतकात कोल्टच्या कारखान्यात कोळशाच्या भट्टीत, याहून बऱ्याच जास्त उष्णतेवर पोलाद निळं करत. त्या जुन्या निळ्याची बरोबरी आजही कठीण. पण तेवढ्या तापात स्प्रिंगांचं पाणी उतरतं, त्यामुळे त्या भट्टीत जात नाहीत.

खरा कस लागतो तो चौकटीच्या चित्रविचित्र रंगांत. पिस्तुलाची चौकट हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात 750 ते 850 अंशांपर्यंत तापवून हवा खेळवलेल्या पाण्यात एकदम टाकली की वरचा थर कठीण होतो आणि त्यावर निळ्या-पिंगट-करड्या लाटा उमटतात. सोनं 1064 अंशांना वितळतं, चांदी 962 ला, म्हणजे वितळण्याची भीती नाही. पण धातू तापले की वाढतात, आणि सगळे सारखे वाढत नाहीत. अंशागणिक दशलक्षांश भागांत मोजलं तर पोलाद साधारण 12, सोनं 14, चांदी 19. 20 मिलिमीटर लांबीच्या रेषेचा 800 अंशांच्या फरकाचा साधा हिशेब केला, तर सोनं पोलादापेक्षा सुमारे 0.03 मिलिमीटर जास्त वाढतं आणि चांदी 0.11. सोन्याचा फरक पोखरलेली कड सांभाळून घेते. चांदी मात्र फुगते, मग थंड पाण्यात झटक्यानं आक्रसते आणि सैल होते. मूळ कारागीर हे सगळं जाणून आधी मऊ पोलादावर कोरत, मग कठीण करत. जुनी चौकट पुन्हा या आगीत घालणं म्हणजे ती वाकण्याचाही धोका पत्करणं. चांदी जडवलेली चौकट पुन्हा भट्टीत घालू नये, इतकं स्पष्ट सांगायला हरकत नाही.

बाजारात बाटलीत मिळणारा थंड रंग सेलेनियमच्या आणि तांब्याच्या संयुगांवर चालतो. तो सोन्याला काही करत नाही, चांदीला काळं करतो, आणि हाताळून लवकर उडतो. सोन्याच्या कडेलगत पडलेला एखादा पांढरा ठिपका बारीक कुंचल्यानं बुजवण्यापुरताच तो ठीक.

एका धातूला काळं करायचं आणि शेजारच्याला जसंच्या तसं सोडायचं, हेच कोडं दख्खनच्या कारागिरांनी कित्येक शतकांपूर्वी सोडवलं होतं. बिदरमध्ये आणि औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) होणाऱ्या बिदरीकामात भांडं जस्तप्रधान मिश्रधातूचं असतं, त्यात थोडं तांबं. त्यावर चांदी जडवल्यावर बिदर किल्ल्यातली सोरायुक्त माती आणि नवसागर यांचं मिश्रण लावतात. जस्ताचा भाग गडद काळा होतो आणि चांदी लखलखीत राहते. धातू वेगळे, रसायनं वेगळी, पण विचार तोच: प्रक्रिया निवडायची ती जडवलेल्या धातूकडे पाहून.

कायद्याची बाजूही नजरेआड करता येत नाही. अमेरिकेत पिस्तुलावरचा अनुक्रमांक मिटवणं हा संघराज्याच्या कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे घासताना अंक पुसट झाले तर प्रकरण सौंदर्यापुरतं राहत नाही. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची नुसती दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. घरच्या घरी कढई मांडण्याचा प्रश्नच नाही.

आणि सर्वात आधी विचारायचा प्रश्न: हे करायचंच का? संग्राहकांच्या जगात मूळ रंगाचा झिजलेला अंशही नव्या झळाळीपेक्षा मोलाचा मानला जातो. अमेरिकी सेनापती जॉर्ज पॅटननं 1916 साली घेतलेलं कोल्ट कोरीव नक्षीचं, चांदीचा मुलामा दिलेलं आणि हस्तिदंती मुठीचं आहे. त्याची झीज त्याच्या कमरेवर झाली, आणि ती झीजच त्या वस्तूचा इतिहास आहे. नामवंत माणसाचं किंवा नामवंत कोरक्याचं पिस्तूल असेल तर फक्त साफसफाई करावी, गंज थांबवावा आणि हात आखडता घ्यावा. उलट आजच्या काळात हौसेनं कोरून घेतलेलं, वापरातलं, इतिहासाचं ओझं नसलेलं पिस्तूल असेल तर पुन्हा रंगवायला काहीच अडचण नाही. फक्त काम कोरक्याच्या सल्ल्यानं व्हावं. सोनं कुठल्या कॅरटचं आहे आणि कसं बसवलंय, हे शक्य असेल तर मूळ कोरक्यालाच विचारावं.

रंग चढल्यावर पोलाद गरम असतानाच तेलात बुडवतात, म्हणजे ओलावा बाहेर ढकलला जातो. दुसऱ्या दिवशी तेल पुसून वर मेणाचा पातळ हात देतात. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत 1950 च्या दशकात तयार झालेलं सूक्ष्मस्फटिकी मेण आज संग्रहालयांपासून संग्राहकांपर्यंत सगळीकडे वापरलं जातं. त्यावर बोटांचे ठसे उमटत नाहीत, आणि सोन्या-पोलादाच्या सांध्यात दमट हवा पोचत नाही. त्यानंतर पिस्तूल चामड्याच्या म्यानात साठवायचं नाही. कमावलेल्या चामड्यात आम्लं आणि क्षार उरलेले असतात, शिवाय ते हवेतला ओलावा धरून ठेवतं. गंज पहिला धरतो तो सोन्याच्या कडेलाच. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, भिंगाखाली त्या कडा पाहाव्यात आणि मेणाचा हात पुन्हा फिरवावा.